चिलखती गाडी: कारखान्यातूनच आलेली की नंतर चढवलेली?

राष्ट्रप्रमुखासाठी मी पहिलीच निवडेन. मर्सिडीज एस ६८० गार्डमध्ये आधी संरक्षक कवच तयार होतं, त्यावर बाहेरचा पत्रा चढतो. वजन ४ टनांवर, म्हणून ब्रेक, सस्पेन्शन, बिजागऱ्या त्याच हिशेबाने बनवलेल्या. संरक्षण व्हीआर १० दर्जाचं, म्हणजे नागरी गाड्यांच्या गोळीरोधक दर्जांपैकी अगदी वरचं. टायर फुटले तरी सुमारे ३० किमी जाते. हल्ल्याच्या जागेतून निसटायला तेवढं पुरतं.

साध्या एसयूव्हीला नंतर पोलादी पत्रे लावणं स्वस्त पडतं, गाडी नजरेतही भरत नाही. पण दाराची फट नीट पाहा: तिथे आतून दुसरी पट्टी आलेली नसेल, तर गोळी थेट आत शिरते. जड दाराने मूळ बिजागरी झुकते, दार खाली घासू लागतं. आणि उन्हाने गोळीरोधक काचेचे थर सुटून तिच्या कडेला दुधाळ बुडबुडे दिसले, की ती काच बदलायलाच हवी.