बुटीक पिनबॉलचं प्रीऑर्डर: पूर्ण पैसे आधी देऊ नका

स्टर्न या मोठ्या पिनबॉल कंपनीचं मशीन डिस्ट्रिब्युटरकडे तयार मिळतं. छोट्या बुटीक कंपन्या मात्र आधी बुकिंग घेतात आणि त्याच पैशांवर डिझाइन, साचे, सुटे भाग, पगार असं सगळं चालवतात. खेळ अनेकदा अप्रतिम असतात, पण विक्रीची ही पद्धत ग्राहकासाठी वाईट आहे.

प्रदर्शनातल्या नमुन्यावर भाळू नका. त्यातले रॅम्प हाताने वाकवलेले असतात, वायर एकेक करून सोल्डर केलेली असते. तेच दीडशे वेळा करायचं तर रॅम्पचे साचे लागतात, हार्नेस (वायरींची जुडी) बांधायची पाटी लागते, कॉइलपासून स्क्रूपर्यंत पक्की यादी लागते. प्लेफील्डचा, म्हणजे खेळायच्या फळीचा, क्लिअरकोट (पारदर्शक लेप) पुरता वाळला नसेल तर 80 ग्रॅमच्या पोलादी गोळीच्या माऱ्याने पोस्टच्या (फळीवरच्या खुंटीच्या) बुडाशी सुरकुत्या पडतात, मग टवके उडतात. एक सर्किट बोर्ड यायचा राहिला की अर्धवट कॅबिनेट पडून राहतात, भाडं चालूच असतं. मग तो खर्च भागवायला पुढच्या खेळाचं बुकिंग उघडतं. याची टोपी त्याच्या डोक्यावर!

झिडवेअर कंपनीने ‘मॅजिक गर्ल’ या मशीनसाठी प्रत्येकी सुमारे 16 हजार डॉलर घेतले आणि 2015 मध्ये पैसे संपले. पुढे 2017 मध्ये थोडी मशीन्स निघाली, तीही अपुऱ्या सॉफ्टवेअरसह. स्किट-बी कंपनीच्या ‘प्रेडेटर’कडे फॉक्सचं लायसन्स, म्हणजे चित्रपटाचं नाव वापरायची परवानगीच नव्हती. डच पिनबॉलची ‘बिग लेबोव्स्की’ 2014 ला जाहीर झाली, मोजकी मशीन्स ग्राहकांकडे गेली आणि उत्पादक कंपनीशी पैशांवरून वाद होऊन काम वर्षानुवर्षं रखडलं. वेल्समधली हायवे पिनबॉल 2018 मध्ये बुडाली. याउलट विस्कॉन्सिनच्या स्पूकी कंपनीने स्वतंत्र कल्पनेवरचा ‘अमेरिकाज मोस्ट हॉन्टेड’ घेतला, संख्या 150 वर थांबवली आणि ती पूर्ण केली. लायसन्स नको, आकडा आवाक्यातला. नव्या कंपनीने इथूनच सुरुवात करावी.

तरीही घ्यायचंच असेल तर बुकिंगला छोटी रक्कम द्या आणि उरलेली रक्कम मशीन खोक्यात बंद झाल्यावर, सीरियल नंबरसह फोटो पाहून. आधीच्या खेळाची किती मशीन्स पोहोचवायची राहिली आहेत, ते लेखी विचारा. उत्तर टाळलं तर तिथेच थांबा. लायसन्सची खात्री हक्कधारकाकडूनच करून घ्या. ब्रिटनमध्ये 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पौंडांपर्यंतच्या वस्तूची आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डवर भरली, तर तिथल्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम 75 खाली बँकही जबाबदार ठरते. बँक ट्रान्सफरने भरलं तर हे संरक्षण नाही, आणि दिवाळखोरीत तारण असलेले सावकार तुमच्या पुढे असतात.

बोर्ड कुणाचे आहेत, हेही विचारा. मल्टिमॉर्फिकच्या पी-रॉकसारखा सुटा मिळणारा कंट्रोलर असेल तर कंपनी गेल्यावरही दुरुस्ती होऊ शकते. स्वतःचे बोर्ड असतील तर सर्किटचे आराखडे मशीनबरोबरच मागून घ्या.