मोठ्या पेटीतल्या सापासाठी ऊब: हॅलोजन, सिरॅमिक की पॅनल?

बॉल पायथन (घरी पाळला जाणारा परदेशी साप) मोठा झाला, त्याला चार बाय दोन बाय दोन फुटांच्या पेटीत हलवायचं ठरलं, की घरातलं कुणीतरी विचारतंच, ‘ठाण्याच्या या उकाड्यात हीटर कशाला?’ मे महिन्यात खरंच नको. पण जानेवारीच्या पहाटे येऊर किंवा खारघरच्या डोंगराकडच्या घरांत चांगलाच गारठा असतो, आणि बेडरूममध्ये एसी २४ वर असेल तर सापासाठी तिथे कायमच थंडी. बॉल पायथनला उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश आणि थंड टोकाला २५ ते २७ अंश लागतात. कॉर्न स्नेक या दुसऱ्या परदेशी सापाचं २९-३० वर भागतं. ऊब कमी पडली की उंदीर पोटात नीट पचत नाही, आणि साप तो अर्धवट अवस्थेत ओकून टाकतो.

लहान टाकीखाली चालणारी हीट मॅट या आकाराला पुरत नाही. ती हवा तापवत नाही, फक्त तळ तापवते. त्यावर तीन इंच कोकोपीट घातलं की वरचा थर गार आणि खालची काच चटका बसेल इतकी गरम. साप ऊब शोधत खाली घुसतो. भाजल्याचं लगेच दिसत नाही. पोटाच्या खवल्यांवर तांबूस-पिवळे डाग दिसतात, तेही पुष्कळदा तुम्ही त्याला हातात घेऊन उलटं पाहिल्यावर. हीट रॉक म्हणून मिळणारा गरम दगड तर घेऊच नका.

आता खरी निवड तिघांत आहे.

हॅलोजन दिवसा सगळ्यांत चांगला. त्याच्या किरणांत सूर्यासारखाच जवळचा इन्फ्रारेड भरपूर असतो, तो कातडीखाली खोलवर पोचतो. खालची फरशी किंवा सपाट दगडही तापतो आणि साप त्यावर पसरतो. पण हा दिवा रात्री लावता येत नाही, आणि लाल बल्ब लावून रात्र भागवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. वीज मात्र फार जात नाही: १०० वॅटचा दिवा दहा तास जळला तर एक युनिट.

सिरॅमिक एमिटर उजेड देत नाही, स्वस्त आहे, सहज मिळतो. म्हणूनच तो बहुतेकांकडे असतो. त्याचा पृष्ठभाग मात्र दोनशे अंशांच्या वर जाऊ शकतो. पोर्सिलेनचाच होल्डर हवा, भोवती जाळीचा पिंजरा हवा, आणि साप त्या जाळीला वेटोळं घालू शकणार नाही अशी ती बसवायला हवी. प्लायच्या छताला तो खेटून बसवला तर आधी वार्निश पिवळं पडतं, मग लाकूड काळवंडतं. हवाही तो कोरडी करतो. पावसाळ्यात त्याने बिघडत नाही. पण एसीच्या खोलीत आर्द्रता ६० टक्क्यांखाली घसरते आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघते.

रेडियंट पॅनल छताला सपाट बसतं, ऊब मोठ्या भागावर पसरवतं, उजेड नाही, आणि त्याचा पृष्ठभाग सिरॅमिकपेक्षा खूपच कमी तापतो. दोन फूट उंचीच्या पेटीला ८० वॅटचं सहसा पुरतं. पूर्ण चोवीस तास चाललं तरी दोन युनिटांच्या आत, आणि थर्मोस्टॅट असेल तर त्याहून कमी. अडचण एकच: बाहेरून मागवावं लागतं, महाग पडतं. चार फूट उंच पेटी असेल तर एकटं पॅनल तळापर्यंत पुरेशी ऊब देत नाही. तिथे वर फळी बसवून सापालाच ऊबेजवळ न्यावं लागतं.

माझं मत सांगते. पेटी एसीच्या खोलीत असेल तर पॅनल घ्या, आणि दिवसा जोडीला कमी वॅटचा हॅलोजन. पेटी हॉलमध्ये, एसीपासून दूर असेल तर वर्षातले बरेच महिने दिवसाचा हॅलोजनच पुरतो. पॅनलचे पैसे घालण्याआधी पेटी हॉलमध्ये हलवता येते का ते बघा. खोलीच तापवण्यासाठी १५०० वॅटचा ऑइल हीटर लावणं एका सापासाठी परवडत नाही. आठ तास सलग चालला तर बारा युनिटं.

आणि काहीही घेतलंत तरी थर्मोस्टॅट आधी. लॅमिंग्टन रोडला मिळणारा डिजिटल ऑन-ऑफ थर्मोस्टॅट सिरॅमिकला चालतो. हॅलोजनला तो लावला तर दिवा सारखा उघडझाप करतो आणि लवकर जातो, त्याला डिमिंगचाच, म्हणजे दिवा बंद न करता मंद-तेज करणारा हवा. पंख्याचा रेग्युलेटर म्हणजे थर्मोस्टॅट नव्हे, त्याला तापमान कळत नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, उबदार टोकाला, साप ढकलणार नाही असा घट्ट बसवा. आपल्याकडे थंडीपेक्षा अतिउष्णता लवकर जीव घेते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये खोलीच ३२-३३ ला गेली की सगळं बंद करून थंड टोक सांभाळा.

हे सगळं परदेशी प्रजातींसाठी आहे. धामण, अजगर, कुठलाही देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे, सर्पमित्राने पकडून दिलेला असला तरी. बॉल पायथनची नोंदणीही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पेटी सुताराला सांगण्याआधी तो कागद हातात असू द्या.