व्हॉट्सॲप ग्रुप: भांडणाच्या सीझनमध्ये कोणतं बटण कामाचं, एका ॲडमिनचा रिव्ह्यू

व्हॉट्सॲपचा रिव्ह्यू आता कोण लिहितं असं वाटेल, पण मी अख्ख्या ॲपचा नाही, त्यातल्या भांडण आवरायच्या बटणांचा लिहितोय. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपचा मी ॲडमिन, म्हणजे गेट-टुगेदरला हॉल बुक करायचा आणि वर्गणी मागायची एवढंच काम होतं. पण २०२२ला सेना फुटली, २०२३ला राष्ट्रवादी फुटली, २०२४ला आधी लोकसभा मग नोव्हेंबरात विधानसभा, आणि मधे आरक्षणाचा विषय तापलेला, त्यात जी पोरं एका डब्यात जेवली ती एकमेकांना गद्दार, खोकेवाले, भक्त, चमचे म्हणायला लागली. तेव्हा सेटिंगमध्ये शिरून काय काय मिळतंय ते बघितलं.

सगळ्यात भारी म्हणजे रिप्लाय प्रायव्हेटली. हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. ग्रुपवरचा मेसेज दाबून धरायचा, मेनूत हा ऑप्शन असतो, त्याने तोच मेसेज कोट होऊन थेट त्या माणसाच्या पर्सनल चॅटला जातो. हे का चालतं ते सांगतो. ग्रुपवर माणूस समोरच्याला उत्तर देतच नसतो, तो बाकीच्यांना दाखवत असतो की बघा मी कसा गप्प बसवला, त्यामुळे माघार घ्यायची सोयच राहत नाही. पर्सनलला प्रेक्षक नाहीत. तिथे नुसतं "अरे तुझा मुद्दा कळला, पण 'त्या लोकांची जातच तशी' हे वाक्य काढ ना, आपल्यातलेच दोघंतिघं वाचतायत, त्यांना काय वाटत असेल" एवढं लिहिलं तरी दहातले सातआठ जण काढतात, वर "हो रे, जास्त झालं" असंही म्हणतात. ग्रुपवर हेच वाक्य लिहा, तुम्हालाच विकला गेलेला ठरवतील.

आणि काढायला वेळही बऱ्यापैकी मिळतो. डिलीट फॉर एव्हरीवन २०१७ला आलं तेव्हा फक्त ७ मिनिटं होती, आता जवळजवळ अडीच दिवस आहेत. एडिट मात्र १५ मिनिटांतच करावं लागतं. राग उतरायला १५ मिनिटं म्हणजे काहीच नाही, स्पेलिंग सुधारायला ठीक आहे. रात्री पावणेबाराला लिहिलेलं सकाळी चहा पिताना लाजेने काढावंसं वाटतं, त्यासाठी डिलीटच बरं.

ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज उडवता येतो, हे २०२२पासून. हे मला अर्धवट वाटतं. मेसेज जातो पण तिथे ॲडमिनने डिलीट केला अशी पट्टी नावासकट राहते, मग ज्यांनी वाचला नव्हता ते "काय होतं, काय होतं" करत स्क्रीनशॉट मागतात आणि ज्याचा उडवला तो हुकूमशाही म्हणून बोंब मारतो. मी फक्त शिवीगाळ आणि सरळसरळ खोट्या व्हिडिओसाठी वापरतो. कायद्याच्या भीतीने सटासट उडवणारे ॲडमिन पण बघितलेत, त्यांच्यासाठी एक सांगतो, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ला म्हटलंय की मेंबरने काही आक्षेपार्ह टाकलं तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे घाबरून नाही, माणसं टिकवायची म्हणून उडवा.

ओन्ली ॲडमिन कॅन सेंड म्हणजे जमावबंदी. निकालाच्या दिवशी लावली, संध्याकाळपर्यंत दुसरा ग्रुप निघाला, त्याचं नाव 'खरे मित्र'. असो.

म्यूट बरं आहे, आठ तास, आठवडा किंवा कायमचं. पण ते स्वतःच्या डोक्याला शांतता म्हणून, त्याने ग्रुपवर काही बदलत नाही. गुपचूप लेफ्ट व्हायची सोय मात्र खरंच सभ्य आहे. पूर्वी "अमुक लेफ्ट" अशी ओळ सगळ्यांना दिसायची आणि मग त्या जाण्यावर अजून दीडशे मेसेज पडायचे. २०२२पासून फक्त ॲडमिनला कळतं. मला कळलं की मी लगेच ॲड करत नाही, फोन करतो. फोनवर तोच माणूस आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलतो आणि राजकारण निघतच नाही.

सगळ्यात वाईट फीचर, रिॲक्शन, म्हणजे मेसेजला नुसता इमोजी चिकटवायचा. मे २०२२ला आलं. चांगली बाजू आहे, कोणी गेल्याची बातमी असली की शंभर वेळा भावपूर्ण श्रद्धांजली वाचावी लागत नाही, हात जोडले की झालं. पण कोणी तळमळीने मराठी शाळा बंद पडतायत असं लिहिलंय आणि त्यावर एकाने हसून लोळणारा इमोजी टाकला, की संपलं. शिवीला उत्तर देता येतं, त्या हसण्याला काय उत्तर देणार! आणि टाकणारा वर म्हणतो मी कुठे काय बोललो.

फॉरवर्डबद्दल जरा गंभीर. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा फोनोफोनी फिरत होती आणि मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. देशात तेव्हा असे प्रकार लागोपाठ होत होते, त्यानंतर त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करायची मर्यादा आली, फॉरवर्डेड असं लेबल आलं. एप्रिल २०२०ला, कोरोनात, खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला, आणि कंपनीच म्हणते की त्याने असे मेसेज ७० टक्के घटले. म्हणजे नुसता हात थोडा आखडला तरी एवढा फरक. आमच्या ग्रुपवर दोन बाणवाला, म्हणजे असा खूप फिरलेला, मेसेज आला की टाकणाऱ्याने स्वतःचं एक वाक्य सोबत लिहायचं असा नियम केलाय. "मला हे पटतं कारण..." एवढंच. निम्मे फॉरवर्ड तिथेच आटले, कारण टाईप करायचा कंटाळा.

टेलिग्रामला स्लो मोड आहे, ॲडमिनने लावला की एका मेसेजनंतर काही सेकंदांपासून तासाभरापर्यंत थांबावं लागतं. माझ्या व्हॉट्सॲपमध्ये तरी असं काही सापडलं नाही, आणि गरज तर इथेच आहे, कारण अरे-तुरेवरून गाडी अचानक "आपण थोर आहात" वर आली की पुढचे दहा मिनिटं कोणी कोणाचं वाचत नाही, नुसतं टाईप करतात.

चार स्टार देणार होतो. हसून लोळणाऱ्या इमोजीचा एक कापला, तीन.