‘हेक्टिक’च्या निमित्ताने दोन ऑनलाइन शब्दकोश

‘हेक्टिक’ हे इंग्रजी विशेषण मराठी बोलण्यात इतके रुळले आहे की त्यासाठी कोणी शब्दकोश उघडत नाही; तरीही लिहिताना ते नेमके कोठे शोभते, हे पाहण्यासाठी केंब्रिज आणि मेरियम-वेबस्टर या दोन मोफत संकेतस्थळांवरील नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात.

केंब्रिजचा कोश इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी आहे. अतिशय गडबडीचा, वेगवान आणि कामांनी भरलेला असा अर्थ तो मोजक्या शब्दांत देतो आणि ब्रिटिश व अमेरिकी असे दोन्ही उच्चार ऐकवतो. मात्र केवळ या व्याख्येवर विसंबणारा वाचक ‘मी आज फार हेक्टिक आहे’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य सहज लिहून जाईल. प्रमाण इंग्रजीत हे विशेषण दिवस, आठवडा, वेळापत्रक किंवा जीवनशैली यांना लागते. कामात बुडालेल्या माणसासाठी ‘बिझी’ हाच शब्द योग्य. हा भेद व्याख्येतून उमगत नाही, उदाहरणांतूनच टिपावा लागतो. शिवाय नुसते काम पुष्कळ असणे पुरेसे नाही, त्यात धांदल हवी. ग्रंथालयात शांतपणे दिवसभर चाललेले वाचन कितीही भरगच्च असले तरी ‘हेक्टिक’ ठरत नाही.

मेरियम-वेबस्टरची नोंद मला अधिक समाधानकारक वाटली, कारण ती धांदलीच्या अर्थासोबत तापाचा जुना अर्थही देते. अंगी मुरलेला, सवयीचा अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून लॅटिन व फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला हा शब्द मुळात क्षयासारख्या आजारात रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या चिवट तापासाठी आणि त्या तापाने गालांवर येणाऱ्या लालीसाठी वापरला जाई. तापलेल्या, अस्वस्थ धावपळीचा अर्थ विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला. (‘डोक्याला ताप’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा प्रवास परका वाटू नये.) एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीत एखाद्या रुग्णाच्या चेहऱ्यावरील ‘हेक्टिक’ रंगाचा उल्लेख आला, तर त्याचा उलगडा याच नोंदीतून होतो.

जाहिराती दोन्हीकडे आहेत आणि मोबाइलवर त्या नजरेत खुपतात. शालेय विद्यार्थ्याने केंब्रिज वापरावा. भाषांतरकाराने आणि जुने इंग्रजी साहित्य वाचणाऱ्याने मेरियम-वेबस्टर.