मनिलात सकाळचा निवांत नाश्ता: फास्टफूड की चर्चचा कॅफे?

मनिलात सकाळी कुणी उपाशी राहत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर करिंदेरिया म्हणजे साध्या खाणावळी, चोवीस तास उघडी फास्टफूडची दुकानं, शिवाय खांद्यावरच्या काठीला डबे अडकवून ‘ताहोsss’ अशी आरोळी ठोकत जाणारा ताहोवाला, म्हणजे गोड पाकातलं मऊ टोफू विकणारा. पण निवांत बसून खायचं म्हटलं की पर्याय आटतात. मॉलमधले कॅफे बहुधा दहाच्या आत उघडत नाहीत आणि करिंदेरियात टीव्हीचा आवाज बारीक करा म्हणायची सोय नसते. उरतात दोन: फास्टफूड, नाहीतर एखाद्या चर्चच्या आवारातला छोटा कॅफे. मी दोन्हीकडे भरपूर बसलोय.

खाण्यात म्हणाल तर उन्नीस-बीस. दोन्हीकडे सिलॉगच: लसणावर परतलेला कालचा भात, वर अंडं आणि जोडीला काहीतरी मांस-मासळी. तापा, म्हणजे मुरवून परतलेले मांसाचे काप, सहसा गोमांसाचा असतो. चालत नसेल तर व्हिनेगर-लसणात मुरवलेला बांगुस मासा मागा, आणि काटे काढलेलाच मागा, कारण त्याला काटे अतोनात. शाकाहाऱ्यांचे हाल दोन्हीकडे, पण मी जातो त्या चर्चकडे चाम्पोराडो तरी मिळतो, म्हणजे चिकट तांदळाची कोकोतली दाट खीर. तिच्यासोबत बशीत तुयो येतो, खारवलेला सुका मासा. नको असेल तर आधीच सांगा. मी सांगत नाही. गरम गोड खिरीवर तो कडक, खारट तुकडा चावायला मला आवडतो.

कॉफीत माझ्या मते चर्च पुढे. तिथे बातांगास प्रांतातली बराको कॉफी मिळते, काळी आणि दणकट. वेग आणि एसी या दोन्ही बाबतीत फास्टफूडला तोड नाही, हे मान्य. एप्रिल-मेच्या उकाड्यात मीही गुपचूप तिकडेच वळतो.

माझा निकाल लागला तो गाण्यांवर. फिलिपिन्समध्ये सप्टेंबर उजाडला की नाताळ लागतो. ‘बेर’ने संपणारे चारही महिने त्याचेच. घरी गणपतीची धामधूम चालू असते आणि इथे फास्टफूडमध्ये तुमच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून घंटा किणकिणायला लागतात. पहिल्या आठवड्यात गंमत वाटते. ऑक्टोबरात तीच गाणी, त्याच क्रमाने, सकाळी साडेसहाला, भाताच्या प्रत्येक घासाबरोबर. मी एकदा आवाज कमी करायची विनंती केली. काउंटरवरची मुलगी गोड हसली आणि स्वतःच गुणगुणायला लागली. तिच्यावर काय रागावणार!

चर्चच्या पंचांगात मात्र नाताळाआधीचा आगमनकाळ नोव्हेंबर सरता सरता सुरू होतो. त्यामुळे म्हणा किंवा कॅफेवाल्या मावशींना गाण्यांची हौस नाही म्हणून म्हणा, तिथे ऑक्टोबरात फक्त पंख्याची घरघर असते आणि आतून पुटपुटल्यासारखी येणारी रोझरीची प्रार्थना. नाताळापासून सुटका हवी तर चर्चमध्ये जा, असा उफराटा सल्ला मी नव्या मंडळींना देतो. तुम्ही कुठल्या धर्माचे, हे मला तिथे कुणी विचारलेलं नाही.

सगळीच चर्चं अशी शांत नसतात. बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेमुळे बाक्लारानच्या चर्चमध्ये आणि शुक्रवारी कियापोच्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आपल्या वस्तीतलं लहान चर्च बघा. सकाळची मिस्सा सुटली की थोडा वेळ झुंबड उडते, ती ओसरू द्या आणि मग जा.

१६ ते २४ डिसेंबरला सिम्बांग गाबीमुळे, म्हणजे नाताळाआधीच्या पहाटेच्या मिस्सांमुळे, तिथली शांतता संपते, पण तेव्हा तक्रार करवत नाही. दारात बिबिंका, म्हणजे तांदळाच्या पिठाचा केक, भाजत असतात, केळीच्या पानावर, खाली निखारे आणि वर निखारे, कोकणात धोंडस लावतात तसं. रविवारी बारशांच्या पार्ट्या असल्या तर मात्र थांबू नका, सरळ फास्टफूड गाठा. कानात घालायला काहीतरी बरोबर ठेवा.