प्रोजेक्शन टीव्हीची जुनी ट्यूब घेताय? आधी हे वाचा

जुन्या प्रोजेक्शन टीव्हीतल्या ट्यूबा काढून विकणारा एक भंगारवाला सध्या सोलापुरात दुकानादुकानांत विचारत फिरतोय. असे सेट अजून दुरुस्त करणाऱ्यांनी आणि हौसेने जपणाऱ्यांनी त्याला पैसे देण्याआधी माझा अनुभव वाचावा.

सात रस्त्याजवळच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाचा 53 इंची सेट आला होता. या सेटमध्ये लाल, हिरवी आणि निळी अशा तीन वेगळ्या ट्यूबा असतात, बहुतेक 7 इंची. तेवढ्याशा काचेवरचं चित्र लेन्समधून आरशावर आणि तिथून पडद्यावर जातं. म्हणून ट्यूबवर भार प्रचंड, तिला लागणारा उच्च दाब (ईएचटी) 30 हजार व्होल्टच्या आसपास. काच तापू नये म्हणून तिच्यापुढे ग्लायकॉलचं कूलंट भरलेलं असतं. गिऱ्हाइकाची हिरवी ट्यूब मंद झाली होती, चित्र सगळं जांभळट. नवी ट्यूब आता कुठे मिळणार?

हा भंगारवाला म्हणाला, "मालक, घरातल्या सेटची आहे, फार चाललेली नाही." त्याच्या टेबलावर ट्यूब लखलखीत पेटलेली होती. लेन्स काढून दाखव म्हटलं तर, "नको ओ, कूलंट सांडतंय." साडेतीन हजार रोख घेतले, बिल दिलं नाही.

दुकानात जोडली तर चित्र अंधुक, पसरट. हीटरला, म्हणजे ट्यूबच्या मानेत तापणाऱ्या तारेला, ठरलेले 6.3 व्होल्ट बरोबर मिळत होते. मग त्याच्या टेबलाखाली काय होतं ते जाऊन पाहिलं. हीटरच्या लाइनला बूस्टर लावलेला, मीटरवर 8 व्होल्टच्या वर. जुन्या मेकॅनिक मंडळींना हा बूस्टर ठाऊक आहे. मेलेल्या कॅथोडला, म्हणजे तापल्यावर इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला, जास्त तापवलं की ती थोडा वेळ उजेड देते आणि मग आणखी लवकर संपते. गिऱ्हाइकाला सांगून लावला तर तो उपाय. लपवून लावला तर सरळसरळ चोरी.

लेन्सबद्दलही तो खोटंच बोलला. बहुतेक सेटमध्ये चार स्क्रू काढले की लेन्स सुटते, कूलंटची बंद काच जागेवरच राहते. त्या काचेतून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर फॉस्फरवर, म्हणजे ट्यूबच्या आतल्या उजेड देणाऱ्या लेपावर, तपकिरी डाग: कोपऱ्यात चॅनेलचा लोगो आणि आडवी बातम्यांची पट्टी. एखाद्या लॉजच्या नाहीतर खानावळीच्या सेटमध्ये वर्षानुवर्षं एकच न्यूज चॅनेल चाललं असणार.

पैसे परत मागितले तर दुसरी ट्यूब पुढे केली, मानेला काळी टेप गुंडाळलेली. टेप सोलली. आतला गेटर, म्हणजे उरलीसुरली हवा शोषणारा धातूचा थर, चांदीसारखा चकचकीत हवा, तो दुधासारखा पांढरा पडलेला. म्हणजे आत हवा शिरलेली, ट्यूब कायमची गेली. अशी ट्यूब बदली म्हणून द्यायला त्याला काहीच वाटलं नाही, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आला.

म्हणून ट्यूब घ्यायला जाताना स्वतःचा मीटर न्या आणि पेटलेल्या ट्यूबचा हीटर मोजून घ्या. एसी असेल तर एसीवर. हीटर फ्लायबॅकवरून, म्हणजे उच्च दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून, चालत असेल तर साधा मीटर चुकीचा आकडा दाखवतो. मग सेट बंद करून, अॅनोड (जिथे उच्च दाब जोडलेला असतो ते टोक) नीट डिस्चार्ज करून लेन्स काढायला लावा आणि मान उघडी करून बघा. बिलावर "चालू ट्यूब" असं लिहून घ्या. माझ्याकडे बिल नसल्यामुळे ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार सांगतानाही पुरावा म्हणून दाखवायला काही नव्हतं. त्याच्याकडे अजून लाल आणि निळ्या ट्यूबा पडून आहेत, त्यांच्या मानांनाही तशीच टेप आहे.