घरी जेली अन सालसा सीलबंद करायचा किट, ५० जार भरून झाल्यावर लिहितेय

या वेळी सगळ्यांना गिफ्ट म्हणून घरी केलेलंच काहीतरी द्यायचं असं डोक्यात घेतलं होतं, म्हणून हा कॅनिंगचा, म्हणजे भरलेले जार पाण्यात उकळून सीलबंद करायचा किट मागवला, आणि आता जेली अन सालसा (टोमॅटो, कांदा, मिरचीची आंबट-तिखट चटणी) मिळून पन्नासेक जार भरून झालेत तर जरा नीट लिहिते. आधीच सांगून टाकते, किट घ्या, भांडं आणि हत्यारं चांगली आहेत, पण सोबत जी पुस्तिका येते ना ती बघून सालसा अजिबात करू नका. का ते खाली सविस्तर लिहिलंय, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल पण तेवढं वाचा.

किटमध्ये उंच भांडं झाकणासकट, आत ठेवायची तारेची जाळी, जार उचलायचा रबर लावलेला चिमटा, रुंद तोंडाचं फनेल, थर्मामीटर, मापाच्या पायऱ्या असलेली प्लास्टिकची पट्टी आणि २५० मिलीचे १२ जार. भांड्याची उंची बरोबर आहे, जारच्या डोक्यावर निदान अडीच सेंटीमीटर पाणी राहायला लागतं आणि वर उकळी फुटायला जागा हवी, तेवढी मिळते. चिमटा तर फारच आवडला, गरम जार न तिरका करता सरळ वर येतो. पट्टी आधी फालतू वाटली होती पण आता तिच्याशिवाय भरत नाही, जेलीला वर ६ मिमी जागा सोडायची आणि सालसाला साधारण १२, कमी सोडली तर उकळताना आतलं बाहेर येऊन झाकणाखाली अडकतं, जास्त सोडली तर आतली हवा पूर्ण बाहेर पडत नाही.

जाळी मात्र बेकार. तारांमधलं अंतर एवढं आहे की छोटे जार कलंडतात, पहिल्याच दिवशी दोन आडवे झाले. मी आता झाकणांच्या जुन्या रिंगा एकमेकींना बांधून तळाशी टाकते आणि त्यावर जार ठेवते, छान उभे राहतात.

झाकण दोन भागांचं आहे, वरची चपटी चकती आणि बाहेरची रिंग. रिंग परत परत वापरता येते पण चकतीच्या कडेला जो सील करणारा थर असतो तो एकदाच कामाचा, त्यामुळे चकत्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतात हे धरून चाला. आणि रिंग करकचून आवळायची नाही, बोटांनी फिरेल तेवढीच, कारण उकळताना आतली हवा तिथूनच बाहेर जाते. मी १२ पैकी एका जारची कड न पुसता झाकण लावलं होतं, तेवढाच एक सील झाला नाही, तो फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवला.

आता जेली. सफरचंदाची पहिली बॅच रबरासारखी झाली. पुस्तिकेत लिहिलंय १०४ डिग्रीला गॅस बंद करा, मी तसंच केलं, मग शंका आली म्हणून थर्मामीटर नुसत्या उकळत्या पाण्यात धरला तर ९८ दाखवतोय! म्हणजे मी जेली गरजेपेक्षा दीड डिग्री जास्त आटवली होती. थर्मामीटर चुकीचा असो किंवा तुम्ही उंचावर राहत असाल, हिशोब एकच आहे, तुमच्याकडे पाणी जिथे उकळतं त्याच्यावर साडेचार डिग्री. दुसऱ्या बॅचला मी १०२.५ ला थांबले आणि अशी सुंदर थरथरणारी, आरपार दिसणारी जेली झाली की जार उजेडात धरून बघत बसले होते. रस फडक्यातून आपोआप गळू द्या, पिळलात की जेली गढूळ. द्राक्षाचा रस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वरचा वरचा घ्या, नाहीतर जेलीत बारीक खडे होतात. आणि घाईघाईत दुप्पट प्रमाण करू नका, मी केलं होतं, घट्टच झाली नाही, ती सरबतासारखी वापरावी लागली.

पुस्तिका म्हणते की गरम जेली भरून जार उलटा ठेवला की झालं सील. हे करू नका. झाकण धरल्यासारखं वाटतं पण सील कच्चं राहू शकतं आणि बुरशी धरते. आधी दहा मिनिटं उकळून घेतलेल्या जारमध्ये जेली भरली असेल तर ५ मिनिटं, जार नुसते गरम पाण्यात धुतले असतील तर १० मिनिटं, भरलेला जार पाण्याखाली उकळायचाच.

सालसाचं पान वाचून तर मला खरंच काळजी वाटली. तिथे लिहिलंय "लिंबू किंवा व्हिनेगर चवीनुसार". चवीनुसार कसं चालेल? बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जिवाणू आहेत ना, त्यांचे बीजाणू, म्हणजे ज्यातून ते पुन्हा वाढतात ते चिवट कण, साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत, त्यांना वाढू देत नाही ते फक्त आंबटपण, तेही पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असलं तरच. टोमॅटो नेमका त्या रेषेच्या आसपास असतो, काही खाली काही वर, आणि त्यात आपण कांदा, मिरची, लसूण घालतो जे अजिबात आंबट नाहीत. बंद जारमध्ये हवा नाही, म्हणजे त्या जिवाणूंना हवं तसंच सगळं. आणि बिघडलेल्या जारला वास येईलच, चव बदलेलच असं नाही, त्यामुळे चाखून बघू म्हणायची सोय नाही.

म्हणून तपासून पास केलेली रेसिपी घ्या आणि आंबटाचं माप तंतोतंत ठेवा. बाटलीतला लिंबाचा रस वापरा कारण त्याचं आंबटपण ठरलेलं असतं, ताज्या लिंबाचं कमीजास्त होतं. व्हिनेगर असेल तर ५ टक्क्याचंच. व्हिनेगरच्या जागी तेवढाच लिंबाचा रस चालतो, उलटं नाही चालत. कांदा मिरची वाढवायची नाही, तिखट मिरचीच्या जागी तेवढीच कमी तिखट घाला, सुके मसाले हवे तसे बदला. दाट करायला कॉर्नफ्लोअर नको, खाताना घाला. माझ्या रेसिपीत अर्ध्या लिटरच्या जारला १५ मिनिटं आहेत, ३०० मीटरच्या वर राहणाऱ्यांना २० आणि १८०० च्या वर २५, आणि वेळ मोजायची ती पूर्ण उकळी आल्यावर. पुस्तिकेत सगळ्यांना १० मिनिटं, उंचीचा उल्लेखच नाही. मी कंपनीला मेल केला, उत्तर आलं की पुस्तिकेप्रमाणे करा. घरी खायचं असतं तरी मी हे सोडलं नसतं, पण इथे जार दुसऱ्याच्या घरी जाणार, तिथली लहान मुलं खाणार, मी समोर नसणार.

वेळ झाली की गॅस बंद करून जार पाच मिनिटं पाण्यातच राहू द्या, मग काढून १२ ते २४ तास हलवू नका. एकेक झाकण टक् करून आत बसतं तो आवाज ऐकायला मी स्वयंपाकघरातच थांबते. दुसऱ्या दिवशी रिंग काढून चकती मधोमध दाबून बघते, वरखाली झाली तर तो जार गिफ्टमध्ये जात नाही.

देताना चिठ्ठीवर नाव, तारीख, "उघडल्यावर फ्रिजमध्ये" आणि "झाकण फुगलेलं दिसलं तर खाऊ नका" एवढं लिहिते. झाकणावर कापड बांधलं की सुंदर दिसतं, पण ते सहज निघेल असं बांधा, घेणाऱ्याला झाकण बघता आलं पाहिजे. मावशीला दिलेला द्राक्षाचा जार चार दिवसांत संपला, तिने रिकामा जार धुऊन परत पाठवला आणि सोबत निरोप, सालसा पण दे गं.

भांडं, चिमटा, फनेल आणि जारसाठी पाचपैकी साडेतीन देतेय, जाळी, थर्मामीटर आणि पुस्तिकेमुळे दीड कापला. सालसाचं पान बदललं तर येऊन चार करेन.